तोंडाच्या गाठीची खोली रिपोर्टात लिहा : कोकणातील आरोग्य अधिकारी आणि डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक,
अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते,
तसेच कोकणात काम करणारे सर्व शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांस

विषय : तोंडाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रिपोर्टात गाठीच्या आक्रमणाची खोली मिलिमीटरमध्ये नोंदवण्याबाबत

स. न. वि. वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दंतवैद्यक व्यवसाय करतो. आमच्या भागात तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण सुरुवातीला कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही. दाढ हलते म्हणून, तिखट झोंबते म्हणून, किंवा मशेरी लावताना हिरडीला काहीतरी खरखरीत लागते म्हणून तो दातांच्या डॉक्टरकडे येतो. आम्ही संशय घेतो, चिठ्ठी लिहून देतो, आणि तो जिल्हा रुग्णालयात, डेरवणला, बांबोळीला, कोल्हापूरला किंवा थेट मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात रवाना होतो. काही महिन्यांनी तोच रुग्ण किरणोपचारापूर्वी खराब दाढा काढून घेण्यासाठी, कवळीसाठी किंवा नुसता धीर मागण्यासाठी परत येतो, तेव्हा त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळी फाइल असते. त्या फाइली मी ओळ न् ओळ वाचतो, आणि त्यांतल्या बऱ्याच फाइलींत जो एक आकडा असायलाच हवा तो नसतो, ही गोष्ट आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तो आकडा म्हणजे गाठीच्या आक्रमणाची खोली. रिपोर्टांत तिला डीओआय म्हणतात. गाठ वरून किती लांब-रुंद दिसते हे बहुतेक रिपोर्टांत असते. ती आत किती खोल शिरली आहे हे मात्र अनेकदा लिहिलेले नसते. ‘मध्यम विभेदित स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, आकार अमुक बाय तमुक, कडा मोकळ्या’ (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडांना कर्करोग नाही) एवढ्यावर रिपोर्ट संपतो आणि खाली सही असते. या रिपोर्टात खोटे काहीच नाही. परंतु रुग्णाची मान उघडून तिथल्या ग्रंथी काढायच्या की नाही, ऑपरेशननंतर किरणोपचार द्यायचे की नाही, आणि पुढची दोन वर्षे त्याला किती बारकाईने तपासायचे, हे ज्यावरून ठरते ती गोष्ट त्यात नाही.

भारतातील पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाच्या पोकळीचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे आणि देशात त्याचे नवे रुग्ण वर्षाला सव्वा लाखाहून अधिक असतात. कोकणापुरते बोलायचे तर आपल्याकडे मळलेली तंबाखू ओठाखाली धरणारे आहेत, पान खाणारे आहेत, घराघरांत मशेरी भाजणाऱ्या आणि ती दिवसातून तीन-चार वेळा हिरडीला लावणाऱ्या बाया आहेत, आणि २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असूनही पुड्या मिळत नाहीत असे बंदर मला माहीत नाही. सुपारी हे आपले पीक आहे आणि श्रीवर्धनच्या रोठ्याचा आपल्याला अभिमानही आहे. परंतु नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग घडवते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. हे सगळे आपण जाणता, म्हणून प्रतिबंधाच्या विषयावर मी इथे अधिक लिहीत नाही. ज्याला रोग झालेलाच आहे त्याच्या मोजमापाविषयी मला बोलायचे आहे.

पूर्वी तोंडाच्या कर्करोगाची टी ही पायरी, म्हणजे मूळ गाठ किती वाढली आहे हे सांगणारी श्रेणी, जवळपास पृष्ठभागावरच्या मापावर ठरत असे. २ सेंमीपर्यंत टी-१, २ ते ४ सेंमी टी-२, ४ सेंमीच्या पुढे टी-३, आणि शेजारच्या हाडात, चेहऱ्याच्या त्वचेत किंवा खोल स्नायूंत शिरली की टी-४. ही पद्धत सोयीची होती. पण एकाच पायरीवरच्या दोन रुग्णांचे पुढे अगदी वेगवेगळे होते, हे शल्यचिकित्सकांच्या लक्षात येत होते. न्यूयॉर्कमध्ये स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच जीभ आणि जिभेखालच्या भागातील गाठींचा अभ्यास करून दाखवले होते, की रुग्णाचे पुढे काय होणार याचा अंदाज पृष्ठभागावरच्या मापापेक्षा गाठीच्या जाडीवरून अधिक चांगला येतो. त्यानंतर अनेक केंद्रांनी हेच वेगवेगळ्या तऱ्हेने तपासले. २०१४ मध्ये ११ कर्करोग केंद्रांतील ३,१४९ रुग्णांची माहिती एकत्र करून खोलीवर आधारलेली नवी मांडणी सुचवण्यात आली, आणि अखेर अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या, कर्करोगाच्या पायऱ्या ठरवणाऱ्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीने ती पायऱ्यांत सामावून घेतली. ही आवृत्ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली.

त्या आवृत्तीनुसार २ सेंमीपर्यंतची गाठ टी-१ ठरण्यासाठी तिची खोली ५ मिमी किंवा त्याहून कमी असावी लागते. खोली ५ मिमीच्या पुढे गेली की गाठ वरून कितीही लहान दिसो, ती टी-२ होते, आणि १० मिमीच्या पुढे गेली की ती किमान टी-३ समजावी लागते. याचा सरळ अर्थ असा, की ज्या रिपोर्टात खोली नाही त्या रिपोर्टावरून आजच्या नियमानुसार टी ठरवताच येत नाही. तरीही फाइलींवर टी-१, टी-२ असे शिक्के दिसतात. ते जुन्या मापावर मारलेले असतात.

खोली आणि जाडी या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जाडी म्हणजे गाठीच्या वरच्या टोकापासून तिच्या सर्वांत खोल टोकापर्यंतचे अंतर. खोली मोजताना गाठीच्या वरच्या टोकाचा विचार करायचाच नसतो. गाठीशेजारच्या निरोगी अस्तराचे आधारपटल, म्हणजे त्याच्या तळाचा पातळ पडदा, ज्या पातळीवर आहे ती पातळी गाठीच्या आरपार ओढायची आणि तिथून सरळ खाली, गवंडी ओळंबा सोडतो तसा, सर्वांत खोल कर्कपेशीपर्यंत ओळंबा सोडायचा. ती ओळंब्याची लांबी म्हणजे आक्रमणाची खोली. कोबीच्या फुलासारखी वर वाढलेली गाठ जाडीने १२ मिमी भरेल, पण तिची खोली कदाचित ३ मिमीच असेल. उलट मधोमध कुरतडून खड्डा पडलेल्या व्रणाची जाडी ४ मिमी भरेल आणि खोली ८ मिमी. जाडीलाच खोली समजून लिहिले तर पहिल्या रुग्णाला विनाकारण वरच्या पायरीवर नेऊन ठेवले जाते आणि दुसऱ्याला खालच्या. यातली दुसरी चूक जिवावर बेतते.

खोलीला इतके महत्त्व का, याचे कारण तोंडाच्या रचनेत आहे. अस्तराच्या अगदी वरच्या थरांत गाठ आहे तोवर तिला मोठ्या लसिकावाहिन्या (लिम्फच्या नलिका) आणि मज्जातंतू फारसे भेटत नाहीत. ती स्नायूत उतरली, विशेषतः सतत हलणाऱ्या जिभेच्या स्नायूत उतरली, की लसिकावाहिन्यांचे दाट जाळे तिच्या हाताशी येते आणि तिथून पेशी मानेतील ग्रंथींकडे निघतात. मानेत ग्रंथी बाधित झाल्या की रुग्ण बरा होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. तोंडाच्या कर्करोगात रुग्णाच्या आयुष्याविषयी एवढे सांगणारी दुसरी गोष्ट नाही, आणि ती घडण्याचा धोका आधीच सांगणाऱ्या मोजमापांत खोली सर्वांत विश्वासार्ह ठरली आहे.

एका रुग्णाचे सांगतो. त्याची ओळख पटेल असे काही लिहीत नाही आणि त्याच्यावर उपचार कुठे झाले तेही लिहिण्याची गरज नाही. ट्रॉलरवर तांडेल म्हणून काम करणारा हा मनुष्य जिभेच्या उजव्या कडेला व्रण घेऊन माझ्याकडे आला. वरून पाहता व्रण लहान होता, परंतु बोटांच्या चिमटीत जीभ धरली तेव्हा व्रणाच्या खाली आणि पुढे टणकपणा लागत होता. ऑपरेशन झाले. रिपोर्टात १.६ बाय १.२ सेंमी, मध्यम विभेदित, कडा मोकळ्या, असे होते. खोली नव्हती. लहान गाठ म्हणून मानेला हात लावला नाही, आणि त्याला सांगितले गेले की आता काळजीचे कारण नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत जबड्याखाली गाठ आली. मुंबईत जुन्या स्लाइड पुन्हा वाचल्या गेल्या तेव्हा खोली ८ मिमी भरली. मानेचे ऑपरेशन झाले आणि त्यात एका ग्रंथीचे आवरण फोडून कर्करोग बाहेर आलेला निघाला. त्यामुळे किरणोपचारासोबत केमोथेरपीही घ्यावी लागली. पहिल्याच वेळी मान साफ केली असती तर हे सारे टळले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या ग्रंथीत पेशी तेव्हाच पोचलेल्या असू शकतात. पण मान उघडायची की नाही हा निर्णय ८ मिमी हा आकडा समोर ठेवून व्हायला हवा होता, आणि तो आकडा गाठीचा तुकडा बसवलेल्या त्याच मेणाच्या ठोकळ्यात, त्याच्या कापाच्या त्याच काचेवर, पहिल्या दिवसापासून होता. कोणी मोजला नव्हता एवढेच.

हा निर्णय कसा घ्यावा याचे उत्तर शोधायला आपल्याला परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांचे चिठ्ठी काढून दोन गट केले होते. एका गटात गाठीबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात मान तशीच ठेवली आणि पुढे ग्रंथी दिसल्या तरच ऑपरेशन केले. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातील ६७.५ टक्के. दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचतो, एवढा हा फरक आहे. त्याच अभ्यासात अगदी उथळ, ३ मिमीपर्यंतच्या गाठींमध्ये असा फायदा स्पष्ट दिसला नाही. म्हणजे मान उघडण्याचा फायदा कोणाला आणि कोणाला नाही, ही सीमारेषाच खोलीवर आहे. अभ्यासातील बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते हे खरे, आणि गालाच्या गाठींना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावताना तारतम्य बाळगावे लागते. पण म्हणून गालाच्या गाठीची खोली मोजूच नये असे होत नाही.

आणि हा आकडा प्रत्येक वेळी वाईटच बातमी आणतो असेही नाही. गालाच्या आतल्या बाजूला मोठी, पांढरट, वर फुगलेली गाठ घेऊन आलेली एक आजीबाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरच्यांनी ती पाहूनच धीर सोडला होता. रिपोर्टात पॅथॉलॉजिस्टने खोली मोजून २ मिमी लिहिली होती, आणि शल्यचिकित्सकाने त्या एका ओळीवर बोट ठेवून मुलाला समजावले. उपचार बेताचे झाले आणि म्हातारी आजही गणपतीला घरचे मोदक वळते.

आपल्याकडे हा आकडा का लिहिला जात नाही, याचा दोष एका कोणाला देता येणार नाही. मी काही पॅथॉलॉजिस्टांशी बोललो, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा फॉर्मालिनच्या बरणीत टाकला जातो, बरणीवर नाव आणि वय असते, ‘जिभेची गाठ’ असे लिहिलेले असते, आणि ती बरणी कोल्हापूरला किंवा मुंबईला जाणाऱ्या कुरिअरच्या गाडीत चढते. बरणी उघडणाऱ्याला त्या आकसलेल्या तुकड्याची पुढची बाजू कोणती, वरची कोणती, हे कळायला मार्ग नसतो. खोली मोजायची तर तुकडा पृष्ठभागाशी काटकोनात, पातळ पातळ कापला पाहिजे, आणि जिथे गाठ सर्वांत खोल गेली आहे असे वाटते तो काप, शेजारच्या निरोगी अस्तरासह, ठोकळ्यात आला पाहिजे. तिरका काप घेतला तर खोली खोटी वाढते. शेजारचे अस्तर कापात आलेच नाही तर ओळंबा कुठून सोडायचा हेच ठरत नाही. म्हणून शल्यचिकित्सक बंधूंना माझी विनंती आहे, की तुकडा हातात असतानाच त्यावर एक लांब आणि एक आखूड टाका घालावा, कोणता कुठल्या बाजूचा ते फॉर्मवर लिहावे, आणि शक्य असल्यास एक साधे चित्र काढावे. याला दोन मिनिटे लागतात. टाटा स्मारकात तुकडा पॅथॉलॉजीकडे जाताना हे होते; आपल्याकडे न होण्याचे कारण साधनांची कमतरता हे नाही.

बायोप्सीच्या बाबतीत वेगळी गोष्ट आहे. तपासणीसाठी काढलेला छोटा तुकडा बहुतेकदा गाठीच्या तळापर्यंत जातच नाही, त्यामुळे त्यावरून खरी खोली ठरत नाही. तरीही ‘या तुकड्यात आक्रमण किमान इतके मिमी दिसते’ असे लिहिता येते, आणि त्याचा शल्यचिकित्सकाला उपयोग होतो. बायोप्सी घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी व्रणाच्या मधल्या मृत भागातून वरवर तुकडा खरवडून घेऊ नये; कडेचा, निरोगी अस्तराला लागून आणि पुरेसा खोल घ्यावा, हे मी माझ्या दंतवैद्य सहकाऱ्यांनाही याच पत्रातून सांगतो.

ऑपरेशनपूर्वी खोलीचा अंदाज घेण्यासाठी एमआरआय उपयोगी पडतो, विशेषतः जिभेसाठी. तिथे मोजलेली खोली सूक्ष्मदर्शकाखालच्या खोलीपेक्षा बहुधा दोन-तीन मिमी जास्त भरते, कारण गाठीभोवतीची सूज गाठीतच धरली जाते आणि काढलेला तुकडा नंतर आकसतो. बायोप्सीनंतर लगेच स्कॅन केला तर ही सूज आणखी वाढलेली असते, म्हणून जिथे शक्य आहे तिथे स्कॅन आधी व्हावा. गाल आणि हिरडीच्या गाठींसाठी सीटी स्कॅन काढताना रुग्णाला गाल फुगवायला सांगितले तर गाल आणि हिरडी एकमेकांपासून सुटे होतात आणि गाठ नेमकी कुठली ते दिसते. रेडिओलॉजिस्टांना हे नवे नाही. पण रिपोर्टात ‘तोंडाच्या उजव्या भागात गाठ’ असे न लिहिता लांबी, रुंदी आणि खोली असे तीन आकडे लिहिले जावेत, इतकीच अपेक्षा आहे.

कोकणात एक अडचण आणखी आहे. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग म्हणजे प्रामुख्याने जिभेचा आणि जिभेखालचा. आपल्याकडे गाल, हिरडी आणि त्यांमधली खाच यांचा वाटा फार मोठा आहे, कारण मळलेली तंबाखू आणि मशेरी तिथेच असते. हिरडीवर अस्तर पातळ असते आणि लगेच खाली हाड. तिथे ५ आणि १० मिमीचे गणित जिभेसारखे चालत नाही. दाताच्या खाचेत किंवा हाडाच्या वरच्या थरात झालेली थोडीशी झीज म्हणजे टी-४ नव्हे, हेही आठव्या आवृत्तीत स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे ते अनेकदा विसरले जाते. गालाच्या गाठीत खोलीबरोबरच ती स्नायूपलीकडे गेली का आणि वरच्या त्वचेपासून किती अंतरावर थांबली, हेही लिहायला हवे. शिवाय सुपारीमुळे ज्यांचे तोंड आखडले आहे, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस झाला आहे, त्यांच्या तोंडात धड मोजपट्टीही जात नाही. अशा रुग्णात वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहावे. ३५ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर तोंड आखडले आहे असे समजले जाते. फायब्रोसिसचा जुना रुग्ण, ज्याचे तोंड वर्षानुवर्षे २५ मिमी उघडत होते, ते अचानक १५ वर आले, तर त्यामागे गाठ जबड्याच्या मागच्या स्नायूंत शिरल्याची शक्यता असते. आणि ते ओळखायचे तर आधीचा आकडा कोणीतरी लिहून ठेवलेला असला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे करता येईल. याला एक प्लास्टिकची पट्टी लागते.

खोली म्हणजेच सर्व काही, असे माझे म्हणणे नाही. तीच एक संख्या लिहून बाकीचे सोडले तर तेही अन्यायाचेच होईल. काढलेल्या तुकड्याच्या कडेपासून गाठ किती मिमी दूर आहे हे ‘कडा मोकळ्या’ या दोन शब्दांत मावत नाही. ५ मिमीपेक्षा जवळ असेल तर ती कड जवळची समजतात, आणि तुकडा कापताक्षणीच तो आकसायला लागतो हे लक्षात घेऊन ती वाचावी लागते. गाठीची पुढची कड एकसंध सरकते आहे की तिचे लहान पुंजके १ मिमी किंवा त्याहून दूर सुटे पडले आहेत, मज्जातंतूभोवती पेशी आहेत का, हेही पुढचे भाकीत बदलते. मान काढली असेल तर किती ग्रंथी तपासल्या, किती बाधित होत्या, आणि कर्करोग ग्रंथीचे आवरण फोडून किती मिमी बाहेर आला, हे आकडे हवेतच, कारण ऑपरेशननंतर किरणोपचारासोबत केमोथेरपी द्यायची की नाही हे प्रामुख्याने ग्रंथीच्या आवरणावर आणि बाधित कडांवर ठरते. युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या अभ्यासांनी २००४ मध्ये हे दाखवले. परंतु या सगळ्यांत सुरुवातीच्या निर्णयासाठी लागणारा, सर्वांत कमी कष्टात मिळणारा आणि तरीही सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा आकडा खोलीचाच आहे. म्हणून मी तोच धरून बसलो आहे.

अधिष्ठाते महोदय, आपली महाविद्यालये नवी आहेत. सिंधुदुर्ग आणि अलिबागचे २०२१ मध्ये सुरू झाले, रत्नागिरीचे २०२३ मध्ये. जुन्या संस्थांत सवयी मोडाव्या लागतात. आपल्याकडे त्या अजून पडायच्या आहेत. पॅथॉलॉजी विभागात तोंडाच्या कर्करोगासाठी मोकळ्या परिच्छेदाऐवजी रकाने असलेला एक पानी नमुना पहिल्या तुकडीपासून वापरला गेला, आणि खोलीचा रकाना रिकामा असेल तर रिपोर्टवर सही होणार नाही असा नियम झाला, तर इथून बाहेर पडणारा प्रत्येक डॉक्टर तो नियम अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घेऊन जाईल. ज्या गुंतागुंतीच्या रुग्णांबाबत निर्णय इथे घेणे अवघड आहे, त्यांची चर्चा नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातील कर्करोग केंद्रांच्या जाळ्याच्या माध्यमातून दूरस्थ पद्धतीने मुंबईच्या तज्ज्ञांशी करता येते. पण तिथेही पहिला प्रश्न खोली किती हाच विचारला जातो.

जिल्हा शल्यचिकित्सक महोदय, आपल्याकडे मागणी याहून साधी आहे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतून बाहेरच्या प्रयोगशाळेकडे तोंडाच्या गाठीचा तुकडा पाठवताना सोबतच्या फॉर्मवर ‘आक्रमणाची खोली मिमीमध्ये कळवावी’ हे वाक्य छापलेले असावे, आणि ज्या प्रयोगशाळांशी करार आहे त्यांच्या करारात ही अट असावी. जन आरोग्य योजनेतून उपचार घेणाऱ्या रुग्णाचा बायोप्सी रिपोर्ट फाइलला जोडावाच लागतो. तो पुरेसा आहे की नाही हे तपासणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना या एका आकड्याकडे पाहायला शिकवावे. कामाचा बोजा वाढेल अशी हरकत येईल हे मी जाणतो. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेत मोजपट्टी बसवलेली असते, आणि काप नीट घेतलेला असेल तर एका रुग्णामागे काही मिनिटांचेच हे काम आहे.

शेवटची विनंती मागे वळून पाहण्याची आहे. मेणाचे ठोकळे आणि स्लाइड वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात, त्यामुळे काल न मोजलेली खोली आजही मोजता येते. तोंडाचा कर्करोग परत येतो तेव्हा तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून गेल्या दोन वर्षांत ज्यांची तोंडाची गाठ काढली, पण मान तशीच ठेवली, आणि ज्यांच्या रिपोर्टात खोली नाही, अशा रुग्णांची यादी आधी करावी, त्यांचे ठोकळे पुन्हा वाचून घ्यावेत, आणि खोली ३-४ मिमीच्या पुढे निघेल त्यांना मानेच्या तपासणीसाठी आणि सोनोग्राफीसाठी ताबडतोब बोलावून घ्यावे. त्या यादीतील पत्ते शोधणे, फोन करणे, मोबाइल लागत नसेल तिथे वाडीवर माणूस पाठवणे, हे काम आम्ही तालुक्यांतले दंतवैद्य आपसांत वाटून घेऊ. यादी मात्र आपल्याच दप्तरातून निघू शकते, आणि मासेमारीचा नवा हंगाम सुरू होऊन माणसे समुद्रावर जाण्यापूर्वी ती मिळावी, अशी आपणास कळकळीची प्रार्थना आहे.

आपला नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक दंतवैद्य